उंटिणीच्या दुधातल्या फॅटवरची प्रोटीन्स कशी काढायची

आधी एक गोष्ट क्लिअर करू, ही प्रोटीन्स फॅटच्या आत नसतात, फॅटच्या बारीक गोळ्यांवर जे पातळ वेष्टन असतं त्यात असतात, आणि दुधात केसीन (दुधातलं मुख्य प्रोटीन) इतकं बक्कळ असतं की क्रीम नीट धुतलं नाही तर जेलवर (प्रोटीन्स आकारानुसार वेगळी करून पट्ट्यांत दाखवणाऱ्या थरावर) तेवढंच दिसतं.

दूध ताजं घ्या, बिकानेर किंवा कच्छकडच्या पाळणाऱ्यांकडून, शक्यतो त्याच दिवशीचं. फ्रीझ करू नका, गोळे फुटतात. गाईच्या दुधावर मलई आपोआप येते, इथे वाट बघत बसाल, कारण गोळे लहान आणि त्यांना एकमेकांना चिकटवणारं प्रोटीनच या दुधात नाही. म्हणून 37 डिग्रीला कोमट करायचं आणि 3000 जी (गुरुत्वाकर्षणाच्या 3000 पट जोर) वर 15-20 मिनिटं सेंट्रिफ्यूज, म्हणजे गरगर फिरवायचं. मग ट्यूब दहा मिनिटं बर्फात ठेवा, वर क्रीमची पांढरीशुभ्र चकती घट्ट होते, स्पॅच्युलाने कडा सोडवून अख्खी उचला. मी पहिल्यांदा पिपेटने ओढायला गेले, टिप चोंदली आणि खालचं स्किमही (क्रीम निघालेलं दूध) वर आलं.

चकती तिप्पट पीबीएसमध्ये (फॉस्फेटचं खारट बफर) कोमटच, हळूहळू हलवून मोकळी करा, परत फिरवा, असं तीनदा. व्होर्टेक्स (ट्यूब जोरात हलवणारं मशीन) अजिबात नको. प्रत्येक वेळचं धुवण थोडं राखून जेलवर चालवा, 25-35 केडीएचे (किलोडाल्टन, प्रोटीनच्या वजनाचं माप) केसीनचे बँड गेले की थांबा, उगाच जास्त धुतलं तर लॅक्टॅडहेरिनसारखी वरवर चिकटलेली प्रोटीन्स पण वाहून जातात.

आता घुसळणं. फ्रीजमधून काढून थंडगार घुसळलं तर लोणी येतच नाही, हे फॅट उशिरा वितळतं, 20-25 डिग्रीला आणा. आणि ताकाला जाऊन भांडं कशाला लपवा, आपल्याला लोणी नकोच, ताकच हवंय, गोळ्यांवरचं वेष्टन सुटून त्यातच उतरतं! ते 1,00,000 जी वर तासभर 4 डिग्रीला फिरवलं की तळाशी वेष्टनाचा गोळा बसतो.

जेलवर 150 केडीएजवळ झँथिन ऑक्सिडेज हे वेष्टनातलं प्रोटीन दिसेल. 66 च्या आसपास ब्युटिरोफिलिन, तेही वेष्टनातलंच, पण रक्तातून आलेलं सीरम अल्ब्युमिनही तिथेच येतं, नुसतं बघून नाव देऊ नका, मास स्पेक (प्रोटीनचे तुकडे वजनावरून ओळखणारी तपासणी) कराच. म्युसिन (साखरेने भरलेलं प्रोटीन) कुमासी या नेहमीच्या निळ्या रंगात धड दिसत नाही, साखर रंगवणारा पीएएस स्टेन लागतो. एका लेनमध्ये स्किम चालवा, 18 केडीएला बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन दिसलं तर दुधात गाय-म्हैस मिसळलीये, उंटिणीत ते नसतंच.

मास स्पेकचा डेटा सर्च करताना प्रोटीन्सचा डेटाबेस एका वशिंडाच्या उंटाचा घ्या, गाईचा नको. यादीत केराटिन आलं तर हुरळू नका, ते तुमच्या हाताचं, नाहीतर उंटिणीच्या केसांचं.