बागेतली शिकार खाऊन मांजर आजारी पडू नये म्हणून

मांजराला शिकार सोडायला लावणं जवळपास अशक्य आहे. पोट भरलेलं असलं तरी समोर काही हललं की ते झडप घालतंच. त्यामुळे ओरडणं, पाणी उडवणं, तोंडातला उंदीर हिसकावणं ह्यात वेळ घालवू नका. हिसकावून घेतलं की बरीच मांजरं पुढच्या वेळी कुंडीमागे जाऊन घाईघाईने गिळायला शिकतात. आपल्या हातात असतं ते वेगळंच: बागेत विष ठेवायचं नाही, शिकार जिथे जमते त्या जागा मोडायच्या आणि मांजराने कोणत्या वेळी बाहेर असायचं ते आपण ठरवायचं. कामाचा क्रमही हाच ठेवा, कारण जंतांवर औषध आहे, काही विषांवर मात्र उतारा नाही.

आधी विष

मांजर काही तासांत गंभीर झालं, तर पहिला संशय शिकारीवर नव्हे, शिकारीसाठी आपण (किंवा शेजाऱ्यांनी) टाकलेल्या औषधावर घ्यायचा. विष खाल्लेला उंदीर भर दिवसा उघड्यावर अडखळत चालतो, विषारी फवारा बसलेलं झुरळ उताणं पडून पाय झाडतं. मांजराच्या नजरेला ह्यापेक्षा मोठं आमंत्रण नाही. निरोगी उंदीर निसटला असता, हा सहज सापडतो.

गोगलगायींसाठी टाकतात त्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बागेतून कायमच्या हद्दपार करा. त्यांना धान्याच्या कोंड्याचा आधार असतो, म्हणून प्राणी त्या चवीने खातात. अर्ध्या तासापासून तीन तासांपर्यंत कधीही थरथर, झटके आणि भडकलेला ताप सुरू होतो. ब्रिटनने २०२२ सालापासून त्यांच्या बाहेरच्या वापरावर बंदी घातली आहे. गोळ्या वापरायच्याच असतील तर फेरिक फॉस्फेटच्या घ्या. त्याही ढिगाने न टाकता विरळ विखरा आणि पाकीट कुलपात ठेवा, कारण मूठभर पोटात गेल्या तर जादा लोहाचा त्रास होतोच.

उंदीरनाशकांत दोन प्रकार ओळखता आले पाहिजेत. ब्रोमाडिओलोन, ब्रोडिफॅकम ही रक्त गोठू न देणारी विषं. मेलेला किंवा मरायला टेकलेला उंदीर खाल्ला तरी ती मांजरात उतरू शकतात, आणि लक्षणं तीन ते पाच दिवस उशिरा येतात: मलूलपणा, फिकट हिरड्या, धाप, नाकातून किंवा शौचातून रक्त. तोवर आपण तो उंदीर विसरलेलो असतो, निदान चुकतं ते इथेच. दुसरं झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फिन वायू तयार होतो, आणि त्याला उतारा नाही.

कीटकनाशकांत पर्मेथ्रिनचं नाव पाठ करून ठेवा. मांजराच्या यकृताला ते मोडून टाकणं नीट जमत नाही, त्यामुळे कुत्र्याच्या अंगावर चालणारं औषध मांजराला झटके आणू शकतं. झाडांवरच्या फवाऱ्याच्या डब्यावर घटक वाचा. फवारलंच असेल तर पानं आणि जमीन पूर्ण वाळेपर्यंत मांजर घरात. ते पाने चाटत नाही हे खरं, पण ओल्या वाफ्यातून चालून आलं की पंजे मात्र चाटतं.

गोगलगायी: धोका दिसत नाही तो

शंखाची असो वा बिनशंखाची, गोगलगाय मांजर आवडीने खात नाही. पण तिच्या अंगात मांजराच्या फुफ्फुसातल्या जंताची पिल्लं वाढतात, आणि तीच पिल्लं गोगलगायी खाणाऱ्या उंदीर, पाली, बेडूक, पक्षी ह्यांच्या अंगात जाऊन थांबतात. म्हणजे मांजराने एकही गोगलगाय तोंडात न घेता हा जंत लागू शकतो. ओल्या रात्री आणखी एक वाट असते: बाहेर ठेवलेली खाण्याची वाटी. सकाळी तिच्या काठावर चमकती वाळलेली रेघ दिसली तर रात्री कुणीतरी त्यात जेवून गेलंय असं समजा. वाटी आणि पाण्याचं भांडं सूर्यास्ताआधी आत घ्या, सकाळी घासून पुन्हा भरा. हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि सगळ्यात जास्त टाळला जाणारा.

गोगलगायी कमी करण्यासाठी संध्याकाळचं पाणी बंद करून सकाळी द्या, म्हणजे रात्री जमीन वरून कोरडी राहते. वाफ्यांच्या कडेला साधारण एक फूट लांबीची फळी किंवा ओलं गोणपाट जमिनीला टेकवून ठेवा, पहाटे उलटा आणि खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून उचला. उघड्या हाताने नको: ह्यांच्यातला एक जंत माणसाच्या मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. उचललेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा दाट मिठाच्या पाण्यात टाका. मीठ वाफ्यावर फेकू नका, गोगलगायीआधी झाड जाईल. बिअरचा सापळा लावणार असाल तर वर भोकं पाडलेलं झाकण हवं, नाहीतर मांजरच पिईल. डब्याचा काठ जमिनीपासून बोटभर वर ठेवा, म्हणजे गोगलगायी खाणारे उपयोगी भुंगे आत पडणार नाहीत. तांब्याची पट्टी आणि अंड्याची टरफलं ह्यांच्यावर फार विसंबू नका. इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये हे अडथळे तपासले, तेव्हा झाडांच्या नुकसानीत फरक पडला नव्हता.

उंदीर, पाली आणि बाकीचे

उंदीर येतात ते खाण्यासाठी. पक्ष्यांना टाकलेले दाणे, उघडं खत, गळून पडलेली फळं, रात्रभर बाहेर राहिलेलं मांजराचंच अन्न. खताच्या पेटीच्या तळाला ६ मिलिमीटर भोकांची लोखंडी जाळी लावा. ह्यापेक्षा मोठ्या भोकातून लहान उंदीर आत शिरतो. मारायचेच असतील तर चापाचा सापळा लांबट, बंद पेटीत ठेवा आणि चाप तोंडापासून हातभर आत, म्हणजे मांजराचा पंजा पोहोचणार नाही. चिकट पुठ्ठे बागेत अजिबात नकोत, पहिलं चिकटेल ते मांजर.

पालींचा प्रश्न उष्ण, दमट प्रदेशात मोठा आहे. पालीतून मांजराच्या यकृतात आणि पित्तनलिकेत राहणारा एक चपटा कृमी जातो. भूक मरते, वजन उतरतं, वाढलं तर डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात. चपट्या जंतांसाठी देतात त्या गोळीच्या नेहमीच्या मात्रेने तो जात नाही, जास्त मात्रा काही दिवस द्यावी लागते, म्हणून पाली खाण्याची सवय डॉक्टरांना आवर्जून सांगा. पाली दिव्याखाली जमतात. बागेतला दिवा रात्रभर न ठेवता गरजेपुरता लावा.

झुरळं, नाकतोडे, रातकिडे एखाददुसरे खाल्ल्याने बहुतेकदा काही होत नाही. मात्र अधूनमधून उलट्या होत असतील आणि कारण सापडत नसेल, तर ह्या किड्यांतून येणारा पोटातला जंत लक्षात ठेवा. केसाळ सुरवंट किंवा भेक (खरखरीत कातडीचा बेडूक) तोंडात धरला तर लाळेची धार लागते. तोंड ओल्या फडक्याने आतून पुन्हापुन्हा पुसा, प्रत्येक वेळी फडकं धुऊन. लाळ थांबली नाही, तोल जाऊ लागला तर थेट दवाखाना.

वेळ आणि जेवण

संध्याकाळ, रात्र आणि पहाट ह्या वेळी उंदीर, गोगलगायी, पाली आणि बेडूक सगळेच बाहेर असतात. त्यामुळे सूर्यास्ताआधी तासभर मांजर आत आणि उजाडून ऊन पडल्यावर बाहेर, एवढं जमलं तरी धोका बराच उतरतो. दिवसातलं सगळ्यात चवदार जेवण ह्याच संध्याकाळच्या वेळेला, घरातच आणि एका ठरावीक आवाजावर द्या: डबा वाजवा, शीळ घाला, काहीही, पण रोज तेच. दार बंद झाल्यावर पहिले काही दिवस पहाटे आरडाओरडा होणार. एकदा जरी ओरडण्यावर दार उघडलंत तर ते दुप्पट चिकाटीने ओरडायला शिकेल. सकाळचं खाणं आधी आणि दार त्यानंतर अर्ध्या तासाने, असं केलं की तो आग्रह विरतो.

खाण्याचा आणि खेळाचा परिणाम मोजलेला आहे. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२१ सालच्या अभ्यासात बारा आठवडे तीनशेहून जास्त मांजरांची घरी आणलेली शिकार नोंदवली. मांसाचं प्रमाण जास्त आणि धान्य नसलेलं खाणं दिल्यावर ती ३६ टक्क्यांनी घटली, रोज ५ ते १० मिनिटं खेळवल्यावर २५ टक्क्यांनी. गळ्यातल्या घंटीने फरक दिसला नाही, आणि कोडं सोडवून खाणं काढायच्या भांड्याने शिकार उलट वाढली. अर्थात ही घरी आणलेल्या शिकारीची मोजणी आहे; बाहेरच गिळलेले किडे त्यात नाहीत. गळपट्टा घालणारच असाल तर ओढ बसताच सुटणारा घाला.

खेळही शिकारीसारखाच हवा. दोरीला बांधलेलं पीस मांजराच्या तोंडापुढे नाचवू नका, त्याच्यापासून दूर पळवा, खुर्चीच्या पायामागे दडवा, थांबवा, पुन्हा सरकवा. शेवटी ते दोन्ही पंजांत पकडू द्या आणि लगेच जेवण वाढा. नुसता लेझरचा ठिपका पळवलात तर हाती काहीच लागत नाही, आणि चिडलेलं मांजर दारापाशी जाऊन बसतं.

बाग लहान असेल तर कुंपणच मांजरबंद करता येतं: साधारण सहा फूट उंची, आणि वरचा दीड-दोन फूट जाळीचा पट्टा आतल्या बाजूला ४५ अंशांत झुकलेला, सैल ताणलेला. कडक जाळीवर चढता येतं, सैल जाळी हलते म्हणून मांजर माघार घेतं. कुंपणालगतचं झाड मात्र विसरू नका, पळवाट तिथूनच असते.

जंतांचं औषध

शिकारी मांजराला तीन महिन्यांतून एकदा औषध हे किमान. रोज उंदीर खाणाऱ्याला डॉक्टर दर महिन्यालाही देतात, कारण औषधाचा असर पुढे टिकत नाही आणि उंदरातला चपटा जंत साधारण दीड महिन्यात पुन्हा वाढून तयार होतो. बाजारात सर्रास मिळणारी प्राझिक्वांटेल आणि पायरँटेलची गोळी फुफ्फुसातल्या जंतावर चालत नाही. त्यासाठी फेनबेंडाझोलचा काही दिवसांचा डोस किंवा मानेवर टाकायचं मॉक्सिडेक्टिन, इमोडेप्साइड असं औषध लागतं. मांजर खोकतंय आणि गोळी दिली तरी खोकतंय, तर हे विचारा. शौचाच्या साध्या तपासणीत हा जंत बरेचदा सुटतो, बेअरमन पद्धतीची तपासणी (शौचातली जंताची पिल्लं पाण्यात उतरवून पाहतात ती) मागा. नमुना ताजा, शक्यतो सलग तीन दिवसांचा आणि मातीतून उचललेला नको, मातीतल्या निरुपद्रवी जंतांनी घोटाळा होतो.

उंदीर-पक्षी खाणाऱ्या मांजराच्या शौचातून टोक्सोप्लाझ्मा हा गर्भातल्या बाळाला धोक्याचा सूक्ष्म परजीवीही बाहेर पडू शकतो. तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो, म्हणून मांजराच्या शौचाची मातीची पेटी रोजच्या रोज साफ करा. घरात गर्भवती बाई असेल तर हे काम दुसऱ्या कुणीतरी करावं, आणि बागेत काम करताना तिने हातमोजे घालावेत.

दवाखान्यात कधी न्यायचं

मांजर गाढ झोपलेलं असताना मिनिटभर छातीची हालचाल मोजा. तीसपेक्षा कमी श्वास ठीक. चाळिसाच्या वर, किंवा तोंड उघडून श्वास, तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरडी बोटाने दाबून सोडा: पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत गुलाबी झाला पाहिजे. हिरडी मुळातच फिकट असेल तर उंदराच्या विषाची शक्यता डॉक्टरांना सांगा. रक्ताची तपासणी करून व्हिटॅमिन के-१ (रक्त गोठायला मदत करणारं) सुरू होतं आणि ते साधारण तीन-चार आठवडे चालतं. मांजर चौथ्या दिवशी खेळायला लागलं म्हणून मध्येच थांबवलं, की पुन्हा रक्तस्राव होतो.

विष गेल्याचा संशय आला तर घरी उलटी काढायला जाऊ नका: मिठाचं पाणी, हायड्रोजन पेरॉक्साइड, घशात बोट, काहीच नको. दूध किंवा तेलही नको. पॅरासिटामॉल तर मांजराला कधीच नाही, त्याने जीव जातो. विषाचं पाकीट, नाहीतर उलटीतला थोडा भाग डबीत घालून सोबत न्या, आणि निघण्याआधी दवाखान्यात फोन करून विषाचं नाव सांगा. झिंक फॉस्फाइडची शंका असेल तर खायला काहीही देऊ नका, अन्नाने पोटातलं आम्ल वाढून वायू आणखी सुटतो. गाडीच्या काचा उघड्या ठेवा, कारण वाटेत मांजराला उलटी झाली तर तोच वायू तुमच्याही छातीत जाईल.