मसाला चहा कसा करावा आणि त्याची चहापूड कशी निवडावी

मसाला चहा बिघडण्याची कारणे बहुधा दोनच असतात: एक तर साहित्य चुकीच्या क्रमाने पडलेले असते, नाही तर चहापूडच निकृष्ट असते. पहिले कारण दहा मिनिटांत दूर करता येते. दुसऱ्यासाठी मात्र नागपुरातल्या इतवारी बाजारापर्यंत जाऊन दुकानदाराला दोन-तीन प्रश्न विचारावे लागतात. या लेखात दोन्हींची कृती दिली आहे. पुडीचा रंग आणि कडकपणा आपण पारखून घेतोच. पान पिकवणाऱ्याच्या हाती काय पडले, हेही त्याच वेळी थोडेफार पारखता येते, आणि त्याचा घरखर्चावर पडणारा भार वाटतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो.

उकळीचा क्रम

चार कपांसाठी ४०० मिलिलिटर पाणी, २५० मिलिलिटर दूध, १० ग्रॅम म्हणजे चार सपाट चमचे सीटीसी (दाणेदार) चहापूड, अंगठ्याच्या पेराएवढे आले, चार वेलच्या, दोन लवंगा, चार मिरे, अर्ध्या बोटाएवढा दालचिनीचा तुकडा आणि चवीप्रमाणे साखर घ्यावी. नागपुरातल्या बऱ्याच घरांत हीच यादी अद्रक, विलायची आणि कलमी या नावांनी सांगितली जाते, तेव्हा किराणा ओळीत दालचिनी मागितल्यावर दुकानदाराने कलमी काढून दिली तर गोंधळू नये.

गंजात (पातेल्यात) पाणी गार असतानाच लवंग, मिरे आणि दालचिनी किंचित ठेचून टाकावी. वेलच्या सोलून फक्त साले पाण्यात घालावीत आणि दाणे खलबत्त्यातच राहू द्यावेत. पाण्याला उकळी आली की ठेचलेले आले घालावे आणि आच मंद करून चार-पाच मिनिटे उकळू द्यावे. या मिनिटांची काटकसर करू नये. ताज्या आल्यात दुधातील प्रथिने तोडणारे झिंजिबेन नावाचे विकर असते, ते उकळत्या पाण्यात निष्क्रिय होते. आले पाण्यात न उकळता थेट कोमट दुधात पडले तर दूध नासते. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वीस जणांचा चहा मांडला असताना मी घाईने आले दुधातच किसून घातले होते. गॅसवर दह्यासारखे फुटलेले ते पातेले आणि दाराशी वाजणारी घंटा मला अजून आठवते.

आता चहापूड घालून दोन ते तीन मिनिटेच उकळावे. आसामच्या सीटीसी पुडीला याहून जास्त वेळ लागत नाही. पान चिरडून, फाडून आणि वळवून त्याचे दाणे करणारी ही पद्धत १९३० च्या दशकात आसामातच निघाली, आणि दाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्यामुळे रंग व कस पाण्यात झटपट उतरतो. दहा मिनिटे खळखळ उकळून कडक होतो तो चहा नव्हे, तर त्याचा तुरटपणा; मग तो झाकण्यासाठी साखर वाढवावी लागते. कडक हवा असेल तर पूड वाढवावी, वेळ वाढवू नये.

दूध वेगळे गरम करून घालावे, म्हणजे उकळी मोडत नाही. त्यानंतर चहा वर येऊ द्यावा, आच कमी करून खाली बसू द्यावा, आणि असे दोनदा करावे. गॅस बंद करण्यापूर्वी अर्धा मिनिट वेलचीचे दाणे ताजे कुटून घालावेत व झाकण ठेवावे. वेलचीचा सुगंध उडून जाणाऱ्या तेलांत असतो. सुरुवातीपासून दाणे उकळले की तो सगळा स्वयंपाकघरात दरवळतो आणि कपात काहीच उरत नाही. गूळ घालायचा असेल तर गॅस बंद केल्यावर, कपात किंवा किटलीत घालावा, कारण गुळाच्या आंबटपणामुळे उकळते दूध फाटू शकते.

शहराच्या कडेच्या वस्त्यांत जिथे बोअरवेलचे पाणी वापरतात, तिथे चहावर तपकिरी तवंग येतो आणि लोक दुधाला दोष देतात. तो तवंग जड पाण्यातील कॅल्शियम आणि चहातील पॉलिफेनॉल यांच्या संयोगाने येतो. अशा घरी चहापुरते पाणी नळाचे किंवा गाळणी यंत्राचे घ्यावे.

मसाल्याची पूड

रोज ठेचणे जमत नसेल तर २५ ग्रॅम वेलची, १५ ग्रॅम मिरे, १५ ग्रॅम सुंठ, ८ ग्रॅम दालचिनी, ५ ग्रॅम लवंग आणि पाव जायफळ एवढी पूड करून ठेवावी. चार कपांना पाव चमच्याहून थोडी कमीच लागते. सुंठ आधी खलबत्त्यात फोडून घ्यावी. तिचे तंतू मिक्सरच्या पात्यांना गुंडाळतात. मसाला भाजू नये, फक्त कोमट करावा, आणि मे महिन्यात तर तेवढेही करण्याची गरज नसते, नागपूरचे ऊन ते काम तासाभरात करते. याच उन्हामुळे पूड महिनाभरात संपेल एवढीच करावी आणि गॅसच्या ओट्याजवळ न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात अंधाऱ्या फळीवर ठेवावी.

उन्हाळ्यात लवंग आणि मिरे निम्मे करून सोप (बडीशेप) व गवती चहाची दोन पाती घालावीत. थंडीत आल्याच्या जोडीला चिमूटभर सुंठ घालावी. आले वाळताना त्यातील जिंजेरॉलचे शोगाओल होते आणि ते अधिक तिखट असते, म्हणून सुंठेचा चहा घशाला लवकर जाणवतो. तर्री पोह्यांबरोबर प्यायच्या चहात मात्र मसाला निम्माच असावा, असे माझे मत आहे. दोन तिखटांच्या भांडणात चहा हरतो.

कोणाचा माल थांबू शकतो

विदर्भातील वाचकाला शेतमालाच्या भावाची गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. दिवाळीनंतर भाव पडलेला असला तर कापूस घरात भरून ठेवायचा आणि भाव चढण्याची वाट पाहायची, हे इथल्या गावोगाव दिसते. सावकाराचा किंवा बँकेचा हप्ता समोर उभा असेल तर तेही जमत नाही. पण निदान कापूस स्वतः सडत नाही. चहाच्या कपातील प्रत्येक जिन्नसाला हाच प्रश्न विचारून पाहावा: हा माल थांबू शकतो का?

वेलची थांबते. इडुक्कीच्या डोंगरातली हिरवी बोंडे भट्टीत वाळवली की ती साठवता येतात, आणि केरळातील पुट्टडी व तामिळनाडूतील बोडिनायकनूर येथे मसाला मंडळाच्या देखरेखीखाली तिचा ई-लिलाव होतो. भाव चढतो, कोसळतो, पण शेतकऱ्याला एक दिवस टाळून दुसऱ्या दिवशी विकता येते. आलेही काही प्रमाणात थांबते. साताऱ्याकडचा शेतकरी भाव पडल्यास आल्याचा कंद आणखी काही महिने जमिनीतच राहू देतो. ऊस थांबत नाही, तोडल्यावर त्यातील साखर उतरू लागते, मात्र त्याला रास्त व किफायतशीर दराचा आणि १४ दिवसांत पैसे देण्याच्या नियमाचा आधार आहे, तो पाळला जातो की नाही यावर दरवर्षी आंदोलने होत असली तरी. दूध तर दिवसातून दोनदा निघते आणि फॅट व एसएनएफ (फॅट सोडून दुधातील घन पदार्थ) यांच्या आकड्यांवर जागीच मोजले जाते.

सर्वांत वाईट अवस्था चहाच्या पानाची असते. दोन पाने आणि एक कळी अशी खुडणी झाली की ते पान काही तासांत कारखान्यात पोहोचावे लागते, नाही तर ते तापते, लाल पडते आणि त्याचा भाव उतरतो. भारतात होणाऱ्या चहापैकी सुमारे निम्मा चहा आता मोठ्या मळ्यांच्या नव्हे तर लहान चहा उत्पादकांच्या पानांतून येतो. चहा मंडळाच्या व्याख्येप्रमाणे १०.१२ हेक्टरपर्यंत लागवड असलेला तो लहान उत्पादक, आणि प्रत्यक्षात अनेकांकडे दोन-चार एकरच असतात. त्यांच्याकडे कारखाना नसतो. ते पान गोळा करणाऱ्या मध्यस्थाला किंवा पान विकत घेणाऱ्या कारखान्याला देतात. एक किलो तयार चहाला साधारण साडेचार किलो हिरवे पान लागते. दुपारी पिशव्या भरून गाडीजवळ उभ्या असलेल्या माणसाला भाव पटला नाही तरी पान परत घरी नेऊन उपयोग नसतो, आणि समोरच्याला हे पक्के ठाऊक असते. मोठ्या मळ्यांत हीच ओढाताण मजुरीच्या रूपाने दिसते. आसामच्या ब्रह्मपुत्रा खोऱ्यात ऑक्टोबर २०२३ मध्ये वाढ होऊन रोजची मजुरी २५० रुपये झाली होती. पूर्वीच्या, १९५१ च्या बागायती मजूर कायद्याने मिळू लागलेली घरे आणि दवाखाने यांच्या अवस्थेबद्दलच्या तक्रारी त्याहून जुन्या आहेत.

रास्त व्यापार (फेअरट्रेड) ही कल्पना नेमकी याच ठिकाणी कामाची ठरते. तिच्यात खरेदीदाराने बाजार पडला तरी ठरलेल्या किमान किमतीच्या खाली जायचे नसते, आणि त्याशिवाय दर किलोमागे एक जादा रक्कम द्यायची असते. ही रक्कम मालकाच्या खिशात जात नाही. ती कशावर खर्च करायची हे उत्पादकांची संघटना किंवा मळ्यातील मजुरांची निवडलेली समिती ठरवते. या पद्धतीचे पहिले लेबल १९८८ मध्ये नेदरलँड्समध्ये कॉफीसाठी निघाले आणि वेगवेगळ्या देशांतील संस्था १९९७ मध्ये एका आंतरराष्ट्रीय छत्राखाली आल्या. थांबू न शकणाऱ्या मालाच्या भावाखाली घातलेली ती एक फरशी आहे, एवढेच तिचे काम.

तिच्या मर्यादाही समजून घ्याव्यात. प्रमाणपत्र मिळालेल्या बागेचा सगळा माल त्या अटींवर विकला जातोच असे नाही. जितकी मागणी तितकाच माल त्या भावाने जातो, उरलेला नेहमीच्या लिलावात. काही मालांप्रमाणे चहातही प्रमाणित आणि साधे पान कारखान्यात एकत्र होऊ दिले जाते, फक्त दोन्हींचा हिशेब वजनाने जुळवला जातो. म्हणजे आपल्या पाकिटातले पान नेमके त्याच शेतातले असेलच असे नाही, पण तेवढ्या वजनाचे पैसे तिथे पोहोचलेले असतात. प्रमाणपत्राचा खर्चही असतो आणि एकट्या दोन एकरवाल्याला तो झेपत नाही, म्हणून त्याला गटात यावे लागते.

दुकानात काय विचारावे

पाकिटावरच्या चिन्हांची गल्लत होते, म्हणून ती वेगळी ओळखावीत. फेअरट्रेड म्हणजे किमान किंमत आणि जादा रक्कम. बेडकाचे चिन्ह असलेले रेनफॉरेस्ट अलायन्स हे पर्यावरण आणि कामाच्या परिस्थितीकडे पाहते, किमान भावाची हमी देत नाही. ट्रस्टी (trustea) ही भारतातील चहासाठीची संहिता सुरक्षित कीटकनाशक वापर, पाणी आणि मजुरांच्या सोयी यांविषयी आहे. ‘जैविक भारत’चे चिन्ह लागवडीबद्दल सांगते, दामाबद्दल काहीच नाही. ‘शेतातून थेट’ एवढेच छापलेले असेल आणि शेत कुठले ते नसेल, तर ते वाक्य शोभेचे समजावे.

सुटी चहापूड घेणाऱ्यांसाठी याहून सोपा मार्ग आहे. गेल्या थंडीत इतवारीतल्या एका दुकानात मी नेहमीची अर्धा किलो पूड बांधून मागितली आणि सहज विचारले की ही कुठली. दुकानदाराने उत्तर न देता गल्ल्यामागचे कागदी पोते ओढून पुढे केले. त्यावर कारखान्याचे नाव, बीपी (ब्रोकन पेको) हा ग्रेड, इनव्हॉइस क्रमांक, निव्वळ वजन आणि भरल्याची तारीख ठसठशीत छापलेली होती. पान कोणी पिकवले याचा मात्र कुठे उल्लेख नव्हता. तरीही तेवढ्या माहितीवरून पुष्कळ कळते: पूड किती जुनी, एका ठिकाणची की दुकानातच मिसळलेली, आणि कारखाना स्वतःच्या मळ्याचा की पान विकत घेणारा. पोते पाहू द्या असे म्हणायला संकोच करू नये. आपण संत्री घेताना काटोलची की दुसरीकडची हे विचारतोच.

घरी आणल्यावर भेसळ तपासावी. ओल्या टिपकागदावर चमचाभर पूड पसरून वर दोन थेंब पाणी शिंपडावे आणि पूड झटकून कागद उजेडात धरावा. कागदावर लगेच गडद डाग पडले असतील तर पुडीला रंग लावलेला आहे. लवंग पाण्यात टाकून पाहावी: तेल काढून घेतलेली पोकळ लवंग आडवी तरंगते, चांगली लवंग बुडते किंवा उभी राहते.

आता खर्चाचा हिशेब. कपाला अडीच ग्रॅम धरले तर एका किलोत ४०० कप होतात. रास्त दामाची पूड नेहमीपेक्षा किलोमागे २०० रुपयांनी महाग पडली, तर कपामागे ५० पैसे वाढतात. रोज आठ कप होणाऱ्या घराला महिन्याला ६०० ग्रॅम पूड लागते, म्हणजे जादा खर्च १२० रुपये. ज्यांना एवढाही जड वाटतो त्यांनी निम्मी पूड तशी घेऊन घरच्या घरी मिसळावी. मसाला चहात आले आणि वेलची असल्यामुळे मिश्रणाची चव बिघडत नाही.

राहिला गाळणीतला चोथा. त्यात दूध आणि साखर असते, तो तसाच कुंडीत टाकल्यास मुंग्या लागतात आणि बुरशी धरते. एकदा पाण्याने धुऊन, गच्चीवर कागदावर पसरून वाळवावा आणि मूठभर मातीत कालवून गवती चहाच्या कुंडीत घालावा. एप्रिलपासून त्या कुंडीला दुपारची सावली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी लागते, एवढे सांभाळले की ठोंब पावसाळ्यापर्यंत तग धरतो.