मोनोक्लोनल अँटीबॉडीच्या कारखान्यात पाऊल ठेवण्यापूर्वी

मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणजे एकाच पेशीच्या वंशातून येणारं एकसारखं प्रतिपिंड. ते बनवणारी संकरित पेशी म्हणजे हायब्रिडोमा, आणि एम.एस्सी. करून आलेल्या प्रत्येकाला तो पाठ असतो. उंदराच्या प्लीहेतल्या प्रतिपिंड बनवणाऱ्या बी-पेशी आणि मायलोमाच्या, म्हणजे सतत वाढणाऱ्या कर्कपेशी पॉलिएथिलीन ग्लायकॉलने एकत्र आणायच्या आणि हॅट नावाच्या निवडक माध्यमात वाढवायच्या. त्यातल्या ॲमिनोप्टेरिनमुळे न्यूक्लिओटाइड (डीएनएचे घटक) बनवण्याचा मुख्य मार्ग बंद होतो. पर्यायी मार्गाचं विकर (एन्झाइम) नसलेल्या मायलोमा पेशी मरतात, सुट्या बी-पेशी काही दिवसांत आपोआप संपतात आणि संकरित पेशी तेवढ्या उरतात. कोहलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला हे करून दाखवलं आणि १९८४ मध्ये यर्ने यांच्यासह त्यांना नोबेल मिळालं. मुलाखतीत हे विचारतातच. पण औषधाच्या कारखान्यात हायब्रिडोमा क्वचितच भेटतो. तिथे राज्य असतं सीएचओ पेशींचं, म्हणजे चिनी हॅमस्टरच्या अंडाशयातून आलेल्या पेशींचं.

याचं कारण रुग्णाच्या शरीरात आहे. मानवी उपचारासाठी मंजूर झालेली पहिली मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणजे १९८६ मधली म्युरोमोनॅब. ती पूर्णपणे उंदराची होती, त्यामुळे रुग्णाचं शरीर तिच्याचविरुद्ध प्रतिपिंडं तयार करायचं. मग उंदराचा भाग टप्प्याटप्प्याने कमी होत गेला: १९९७ मध्ये रिटुक्सिमॅब, १९९८ मध्ये ट्रास्टुझुमॅब आणि २००२ मध्ये पूर्णपणे मानवी ॲडालिमुमॅब. अशा प्रतिपिंडांची जनुकं सीएचओ पेशीत घातली की ती पेशी मानवी प्रतिपिंडावर असते जवळपास तशीच साखरेची साखळी जोडते. ही साखळी प्रतिपिंडाच्या जड शृंखलेतल्या २९७ क्रमांकाच्या ॲस्पॅराजिन या अमिनो आम्लावर बसते. तिच्यात फ्युकोज ही एक साखर कमी असेल तर नैसर्गिक मारक पेशी प्रतिपिंडाला जास्त घट्ट धरतात आणि कर्कपेशी जास्त मरतात. मात्र ही साखर जनुकात लिहिलेली नसते. माध्यम, तापमान आणि साचलेला अमोनिया यांवर ती ठरते. म्हणून जनुक तेच ठेवून नुसती प्रक्रिया बदलली तरी औषध बदलतं. पुढच्या सगळ्या आकड्यांचा काटेकोरपणा यासाठीच आहे.

कुपीपासून दोन हजार लिटरपर्यंत

पेशी द्रव नायट्रोजनमध्ये एक मिलिलिटरच्या कुप्यांत ठेवलेल्या असतात. कुपी ३७ अंशांच्या पाण्यात साधारण दोन मिनिटं धरायची आणि बर्फाचा छोटा तुकडा उरला असतानाच बाहेर काढून कोमट माध्यमात मिसळायची. गोठवताना घातलेलं डीएमएसओ हे रसायन वितळलेल्या पेशींना विषारी ठरतं, म्हणून इथे रेंगाळायचं नाही. जिवंत पेशी ९० टक्क्यांहून कमी निघाल्या तर ती कुपी पुढे नेऊ नये. पहिल्या काही पुनर्लागवडींत सावरतील या आशेवर आठवडा वाया जातो.

एक हिशेब स्वतः करून पाहा. २,००० लिटरच्या बायोरिॲक्टरमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या टाकीत, मिलिलिटरला ५ लाख पेशी सोडायच्या तर एकूण एक लाख कोटी पेशी लागतात. कुपीत १ कोटी असतील तर लाखपट वाढ हवी, म्हणजे सुमारे १७ वेळा दुप्पट व्हायला हवं. दुप्पट व्हायला २० ते २४ तास लागतात. मधले थांबे धरून प्रत्यक्षात तीन ते चार आठवडे जातात. म्हणून बायोरिॲक्टर अमुक दिवशी सुरू व्हायचा असेल तर कुपी महिनाभर आधी उघडावी लागते आणि वाटेत दूषितीकरण झालं तर सगळा महिना बुडतो.

उत्पादनाचा टप्पा बहुतेक ठिकाणी १२ ते १४ दिवसांचा फेड-बॅच असतो, म्हणजे मधूनमधून खाद्य (फीड) घालत चालवलेला. पीएच ७ च्या आसपास, विरघळलेला ऑक्सिजन ३० ते ५० टक्के आणि तापमान सुरुवातीला ३७ अंश. पेशी पुरेशा वाढल्या की अनेक प्रक्रियांत ते ३२ ते ३४ अंशांवर आणतात, म्हणजे वाढ मंदावते आणि पेशी जास्त दिवस तगून अँटीबॉडी बनवत राहतात. शेवटी लिटरमागे ३ ते ६ ग्रॅम मिळाले तर आजच्या मानाने ठीक.

नवख्यांची पहिली चूक इथे होते आणि ती अगदी साधी असते. नमुना काढला, ट्रेमध्ये ठेवला, आधी पेशी मोजल्या आणि दहा मिनिटांनी पीएच पाहिला. तोवर नमुन्यातला कार्बन डायऑक्साइड उडून गेलेला असतो आणि पीएच खऱ्यापेक्षा वर दिसतो. त्या आकड्यावर टाकीतला पीएच मोजणारा प्रोब जुळवला की यंत्रणा टाकीत नको इतका कार्बन डायऑक्साइड सोडते आणि पेशी प्रत्यक्षात आम्लात बसतात. नमुना काढल्यावर पीएच आणि वायू सर्वांत आधी मोजायचे, पेशी नंतर.

ग्लुकोज ओतून ठेवलं तर लॅक्टेट (पेशींनी सोडलेलं आम्ल) साचतं, पीएच घसरतो, यंत्रणा अल्क घालते आणि ऑस्मोलॅलिटी, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांचं प्रमाण, चढते. दोषाची ही साखळी उलटी वाचायला शिका. ऑस्मोलॅलिटी जास्त दिसली की आधी अल्काचा वापर बघायचा, मग लॅक्टेट, मग फीडचा तक्ता. मोठ्या टाकीत आणखी एक भर पडते. बुडबुडे लहान आणि हवा कमी असेल तर पेशींनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही. दोन लिटरच्या टाकीत उत्तम चाललेली प्रक्रिया दोन हजार लिटरला आजारी पडते, त्याचं एक मोठं कारण हेच. फेसाकडेही लक्ष असू द्या. फेस चढून बाहेर जाणाऱ्या हवेचा फिल्टर भिजला की तो बंद होतो आणि एकदाच वापरायच्या पिशवीत दाब वाढत जातो.

ऑक्सिजन अचानक कोसळला, पीएच खाली गेला आणि माध्यम गढूळ दिसलं, तर ते जिवाणू. मायकोप्लाझ्मा हा अगदी छोटा जिवाणू मात्र असं काही दाखवत नाही, ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटू शकतो. म्हणून त्याची चाचणी वेगळी असते (पारंपरिक वाढ-चाचणीला २८ दिवस लागतात) आणि ती कुणी टाळू शकत नाही.

गाळणी ते शुद्धीकरण

पेशी वेगळ्या करताना एक छुपा धोका असतो. फुटलेल्या पेशींतली विकरं बाहेर येतात आणि ऑक्सिजन नसलेल्या टाकीत ती अँटीबॉडीच्या शृंखला जोडणारे डायसल्फाइड बंध तोडतात. डोळ्यांना द्रव ठीकच दिसतो. दुसऱ्या दिवशी सीई-एसडीएस या प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या चाचणीत तुकडे दिसतात, तेव्हा बॅच गेलेली असते. उपाय तीन: थंड ठेवा, हवा खेळती ठेवा, ताटकळत ठेवू नका. पेशींची जिवंतता ७० टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत टाकी चालू ठेवून थोडं जास्त उत्पादन काढण्याचा मोह आमच्या मते महागात पडतो, कारण तो कचरा शेवटी शुद्धीकरणवाल्यांच्या गळ्यात येतो.

मग प्रोटीन-ए कॉलम. स्टॅफिलोकॉकस ऑरियसमध्ये सापडलेलं हे प्रथिन अँटीबॉडीच्या शेपटीला धरतं आणि बाकीचा बहुतेक मळ वाहून जातो. २,००० लिटरमध्ये लिटरला ४ ग्रॅम म्हणजे ८ किलो. ४० लिटर रेझिनवर (कॉलममध्ये भरलेल्या दाण्यांवर) लिटरला ३५ ग्रॅम चढवले तर एका फेरीत १.४ किलो, म्हणजे सहा फेऱ्या. रेझिन फार महाग असतं, ते सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन पुन्हापुन्हा वापरतात.

पीएच ३.५ च्या आसपास अँटीबॉडी सुटते, आणि त्याच आम्लात साधारण एक तास ठेवून विषाणू निष्क्रिय करतात. इथे दोन खाचखळगे आहेत. टाकीच्या भिंतीवर वर उडालेला थेंब आम्लात बुडतच नाही. त्यात विषाणू असेल तर तो जिवंत राहतो आणि नंतर खाली गळतो. म्हणून आम्ल मिसळल्यावर सगळा द्रव दुसऱ्या कोरड्या टाकीत घेऊन तिथे तास मोजायचा. दुसरं, उदासीन करताना ट्रिस हे अल्कधर्मी द्रावण भसकन ओतलं की त्या जागी पीएच उसळतो, द्रव गढूळ होतो आणि गुठळ्या बनतात. हळू ओता, ढवळत राहा.

पुढे आयन-विनिमयाचे कॉलम, मग साधारण २० नॅनोमीटरचा विषाणू फिल्टर. तो अँटीबॉडीला जाऊ देतो आणि पार्वोव्हायरससारखे अगदी छोटे विषाणूही बहुतांशी अडवतो. वापरानंतर त्याची अखंडता तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. शेवटी ३० किलोडाल्टनच्या पडद्यावर बफर बदलून द्रव घट्ट करतात. प्रथिनाच्या गुठळ्या रोखणारं पॉलिसॉर्बेट त्यानंतर घालायचं. आधी घातलं तर ते पडद्याआड अडकून साचत जातं आणि त्याचं प्रमाण हाताबाहेर जातं.

प्रत्येक पायरीवर थोडं हरवतं. सात पायऱ्यांचं उत्पन्न ९५, ९५, ९८, ९०, ९७, ९८ आणि ९५ टक्के धरलं तर गुणाकार ७२ टक्क्यांच्या आसपास येतो. आठ किलोंचे पावणेसहा किलो उरतात. ते ट्रास्टुझुमॅब असेल तर ४४० मिलिग्रॅमच्या सुमारे १३,००० कुप्या. ६० किलो वजनाच्या स्तनकर्करुग्ण बाईला पहिल्यांदा किलोला ८ मिलिग्रॅम, मग दर तीन आठवड्यांनी ६ मिलिग्रॅम, असे वर्षाला साधारण साडेसहा ग्रॅम लागतात. एका टाकीत साडेआठशेहून अधिक बायकांचं वर्षभराचं औषध असतं. रात्रपाळीत प्रोबकडे बघताना हा आकडा आठवत असावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

रुग्णापाशी

कारखान्यात काम करायचं असलं तरी वॉर्डात काय होतं ते माहीत हवं. ट्रास्टुझुमॅबची पूड विरघळवताना कुपी हलवून फेस काढायचा नाही, हळूच गोल फिरवायची. सलाइन चालतं, डेक्स्ट्रोज नाही, कारण त्यात प्रथिनाच्या गुठळ्या होतात. उपचाराआधी हृदयाचा इको हवाच. रिटुक्सिमॅबआधी हेपॅटायटिस-बी तपासतात, कारण दबलेला विषाणू उफाळतो. ॲडालिमुमॅबआधी क्षयरोग तपासतात आणि आपल्याकडे तर ती चाचणी चुकवण्याची सोयच नाही. २००६ च्या मार्चमध्ये लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात टीजीएन१४१२ ही अँटीबॉडी सहा निरोगी स्वयंसेवकांना दिल्यावर सायटोकाइनचं (प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांचं) वादळ उठून सहाही जण अत्यवस्थ झाले. तेव्हापासून पहिली मात्रा ठरवण्याचे नियम कडक झाले.

महाराष्ट्रातलं उदाहरण हवं तर पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने अमेरिकेतल्या मासबायोलॉजिक्सबरोबर विकसित केलेली रेबीजची अँटीबॉडी बघा. कुत्र्याच्या खोल चाव्यावर लशीसोबत जखमेत आणि जखमेभोवती द्यायची मात्रा किलोला ३.३३ आंतरराष्ट्रीय एकक. ६० किलोच्या माणसाला २०० एकक. मानवी रक्तातून काढलेल्या इम्युनोग्लोब्युलिनला किलोला २० आणि घोड्याच्याला ४० लागतात. मोठा फायदा पुरवठ्याचा आहे: रक्तदाते नकोत, घोडे नकोत, टाकी हवी. मर्यादाही समजून घ्या. एक अँटीबॉडी विषाणूच्या एकाच जागेला धरते, आणि ती जागा बदललेला विषाणू निसटू शकतो. म्हणून झायडसच्या रेबीजवरच्या औषधात दोन अँटीबॉडींचं मिश्रण आहे. अर्थात दोन असूनही हमी नसते. कोविडवरची कासिरिव्हिमॅब आणि इमडेव्हिमॅबची जोडी ओमिक्रॉनपुढे निष्प्रभ ठरली.

नोकरीच्या वाटेवर

बहुतेकांना संशोधन विभागच हवा असतो. आमचं मत असं की पहिली दोन वर्षं शुद्धीकरण किंवा विश्लेषणात काढावीत. तिथे मागच्या सगळ्या विभागांच्या चुका रोज दिसतात आणि कारणं शोधायची सवय लागते. बायोकेमिकल इंजिनिअरिंगवाल्यांना बायोरिॲक्टर आणि मोठ्या मापावर नेण्याच्या कामात संधी असते, सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांना गुणवत्ता नियंत्रणात, बी.फार्म.वाल्यांना फॉर्म्युलेशन आणि नियामक कामात. नियामक बाजूला जायचं असेल तर सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियामक संस्था) आणि आरसीजीएम (जनुकीय बदलांच्या कामाचा आढावा घेणारी समिती) यांची कामं वेगळी कशी ते स्पष्ट करून घ्या, समरूप जैवऔषधांची (मूळ जैवऔषधासारख्या औषधांची) मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि औषधांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या आयसीएचच्या क्यू५ए (विषाणू-सुरक्षा) व क्यू६बी (गुणवत्तेचे निकष) या दोन दस्तऐवजांवर एकेक रविवार घाला.

मुलाखतीची तयारी पाठांतराने होत नाही. वहीत चार गोष्टी हाताने सोडवा: पेशी किती सोडायच्या, कॉलमच्या किती फेऱ्या, एकूण उत्पन्न किती, आणि २८० नॅनोमीटरच्या वाचनावरून संहती किती. अँटीबॉडीसाठी गुणांक (मिलिलिटरला १ मिलिग्रॅमचं वाचन) बहुधा १.४ च्या आसपास असतो, त्यामुळे दहापट सौम्य केलेल्या नमुन्याचं वाचन ०.७ आलं तर मूळ द्रवात मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम.

पाळ्या असतात, रविवारीही नमुने काढावे लागतात. बॅच रेकॉर्डमध्ये नोंद काम करतानाच करायची, नंतर आठवून नाही. चुकलं तर एकच आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख आणि कारण. व्हाइटनर नाही, खोडरबर नाही, सुट्या चिठोऱ्यावरचा आकडा तर नाहीच. वाचन चुकीचं वाटलं तरी ते लिहायचं आणि लगेच वरिष्ठांना सांगायचं. सांगितलेलं विचलन तपासता येतं, लपवलेलं कुपीत जातं.