गिअर शिफ्टर घेताना आणि बसवताना या चुका टाळा

सिम रेसिंगसाठी (स्टिअरिंग आणि पेडल जोडून पीसी किंवा कन्सोलवर खेळायच्या गाड्यांच्या शर्यतींसाठी) शिफ्टर, म्हणजे गिअरचा वेगळा दांडा, घ्यायला निघालेल्यांचा पहिला प्रश्न बहुधा "किती गिअरचा?" हा असतो. त्याआधी कोणत्या गाड्या चालवणार आणि शिफ्टर कशाला जोडणार, हे ठरायला हवे. अलिबाग, हर्णै, रत्नागिरी, मालवण अशा दर्याकाठच्या गावात राहणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी: दांड्याची जागा ओळखणारा आतला सेन्सर कोणत्या प्रकारचा आहे.

गाडी न ठरवता खरेदी

फेरारीने १९८९ साली स्टिअरिंगमागच्या पॅडलने (बोटांनी ओढायच्या पट्टीने) गिअर बदलणारी फॉर्म्युला वन गाडी शर्यतीत उतरवली. आजच्या फॉर्म्युला वन आणि जीटी३ (शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स कार) गाड्यांना पॅडलच असतात आणि ते तुमच्या व्हीलवर, म्हणजे खेळायच्या स्टिअरिंगवर, आधीपासून असतात. नुसत्या त्याच शर्यती खेळणार असाल तर वेगळ्या शिफ्टरवर खर्च करू नका. रॅली२ या वर्गातल्या रॅलीच्या गाड्यांना पुढे-मागे ओढून एकेक गिअर क्रमाने बदलायचा सिक्वेन्शिअल दांडा लागतो. ऐंशीच्या दशकातली ऑडी क्वाट्रो, रोजच्या वापरातल्या मॅन्युअल गाड्या, ट्रक यांना एच-पॅटर्न, म्हणजे प्रत्येक गिअरची वेगळी जागा असलेला नेहमीचा दांडा, हवा.

एच-पॅटर्न घेताना पायाखालीही बघा. दोनच पेडल असतील तर क्लच ऑटोवर ठेवावा लागतो आणि अर्धी मजा जाते. अशा वेळी आधी तीन पेडलचा संच घ्यावा, शिफ्टर नंतर.

जोडणी न तपासणे

लॉजिटेकचा ड्रायव्हिंग फोर्स शिफ्टर यूएसबीवर चालत नाही. त्याची नऊ पिनांची वायर जी२९, जी९२० किंवा जी९२३ या व्हीलच्या बेसमध्येच (स्टिअरिंगमागच्या मोटरच्या डब्यात) जाते. दुसऱ्या कंपनीच्या व्हीलसोबत पीसीवर वापरायचा तर वेगळा यूएसबी अडॅप्टर लागतो. थ्रस्टमास्टरचा टीएच८ए पीसीला थेट यूएसबीने जोडता येतो. कन्सोलवाल्यांनी मात्र शिफ्टर आपल्या व्हीलच्या बेसमध्येच लागतो ना, याची खात्री पैसे देण्याआधी करावी.

उजवीकडेच बसवायचा हट्ट

जाहिरातीतल्या फोटोंत शिफ्टर बहुधा उजव्या हाताला दिसतो, कारण युरोप-अमेरिकेत ड्रायव्हर बहुधा डावीकडे बसतो. आपला हात घाटात डावीकडच्या गिअरवर बसलेला असतो. दोन्हीकडे गिअरची मांडणी तीच राहते, पहिला गिअर डावीकडे पुढेच. त्यामुळे शिफ्टर खुशाल डावीकडे बसवा, फक्त वायर बेसपर्यंत पोहोचते का ते आधी मोजा.

टेबलावर भरवसा

पार्टिकल बोर्डचे टेबल पावसाळ्यात ओल धरून फुगते आणि क्लॅम्पखाली त्याचा भुगा होतो. मग तिसरा गिअर जोरात टाकला की शिफ्टरच पुढे झुकतो, दांडा पूर्ण बसत नाही आणि दोष शिफ्टरला दिला जातो. १८ मिमी मरीन प्लायची फळी घ्या, कापलेल्या कडांना वॉर्निश मारा आणि शिफ्टर बोल्टने पक्का करा. बोल्ट लांब पडला तर आतले प्लास्टिक फोडतो. म्हणून भोकात काडी घालून खोली मोजा. १८ मिमी फळी, २ मिमी वॉशर आणि आत ८ मिमी आटे धरले तर २८ मिमी होतात. तेवढा बोल्ट मिळाला नाही तर ३० मिमीचा घेऊन आणखी एक वॉशर घाला. साधा बोल्ट इथे लवकर गंजतो. स्टेनलेस स्टीलचा एसएस ३०४ चालतो, पण खाऱ्या हवेत एसएस ३१६ जास्त टिकतो. बंदराजवळच्या हार्डवेअरच्या दुकानात आधी विचारा.

गिअर उडतो तेव्हा

विंडोजमधले "सेट अप यूएसबी गेम कंट्रोलर्स" उघडा आणि एकेक गिअर टाकून पाहा. प्रत्येक गिअरला एक बटण लागले पाहिजे आणि दांडा तिथे असेपर्यंत लागलेलेच राहिले पाहिजे. न्यूट्रलला सगळी बटणे बंद. इथे सगळे बरोबर दिसत असेल तर शिफ्टर निर्दोष आहे आणि चूक गेमच्या सेटिंगमध्ये आहे. असेटो कोर्सा या गेममध्ये एच-शिफ्टरचा पर्याय चालू करावा लागतो, तर डर्ट रॅली २.० मध्ये ट्रान्समिशन एच-पॅटर्नवर न्यावे लागते. लाईट जाऊन आल्यावर गिअर लागेनासे झाले तर बटणे पुन्हा नेमून पाहा. यूएसबीचा शिफ्टर हबमधून काढून पीसीच्या मागच्या पोर्टला लावा.

बटणच लुकलुकत असेल तर लक्षण नीट वाचा. लॉजिटेकच्या शिफ्टरमध्ये दोन पोटेन्शिओमीटर (आतला संपर्क घासत फिरणारे सेन्सर) असतात: एक दांड्याची डावी-उजवी जागा सांगतो, दुसरा पुढची-मागची. चौथा टाकल्यावर दुसरा किंवा सहावा लागतो, म्हणजे डाव्या-उजव्याचा पोटेन्शिओमीटर मळला आहे. गिअर मधेच सुटून न्यूट्रल होतो, म्हणजे पुढच्या-मागच्याचा. आधी नऊ पिनांचा कनेक्टर काढून पिनांवर हिरवट थर आला आहे का पाहा, कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसा, दोन्ही स्क्रू घट्ट करा. तरीही उडत असेल तर शिफ्टर उघडून त्या पोटेन्शिओमीटरमध्ये क्लीनरचा छोटा फवारा मारा, दांडा वीस-पंचवीस वेळा हलवा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडा. वॉरंटी चालू असेल तर उघडू नका.

खोबरेल किंवा शिलाई मशीनचे तेल आत घालू नये. धूळ त्याला चिकटते आणि त्याचीच पेस्ट होते. दांडा करकरत असेल तर प्लास्टिकला चालणारे सिलिकॉन ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढे घासणाऱ्या जागी लावा. पोटेन्शिओमीटरला ते लागता कामा नये.

टीएच८ए मध्ये चुंबक आणि त्याची जागा न शिवता ओळखणारा हॉल सेन्सर असतो. एकमेकांना घासणारे काही नसल्याने हा दोष तिथे येत नाही. खिडकीतून समुद्राचा वारा थेट खोलीत येत असेल तर आमचा कौल अशाच शिफ्टरला, जरी चार पैसे जास्त लागले तरी. कनेक्टर मात्र त्याचाही गंजतो.

मृग लागला की शिफ्टर पिशवीत गुंडाळून ठेवण्याची सवयही सोडा. पिशवीत ओल कोंडते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या चार-पाच पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्या महिन्याने बदला. रोज खेळत असाल तर सुती कापड टाकलेले पुरते, फक्त तो कौलांखालच्या गळतीपासून आणि खिडकीपासून दूर असावा.