रोलर ओढावा की ढकलावा? बलाचे दोन घटक काढून पाहू

क्रिकेटच्या खेळपट्टीवर हाताने रोलर फिरवलेल्या कुणालाही विचारा, तो सांगेल की ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं. का, ते कागदावर पाच मिनिटांत दिसतं.

समजा रोलर 200 किलोचा आहे आणि तुम्ही दांड्याच्याच दिशेने 400 न्यूटन बल लावून तो ओढताय.

आधी दांड्याचा जमिनीशी होणारा कोन हवा. त्याला कोनमापक लागत नाही, टेप पुरते. रोलरचा आस जमिनीपासून 30 सेंमीवर, हातातली मूठ 110 सेंमीवर आणि दांडा 160 सेंमी लांब आहे. म्हणजे आसापासून मुठीपर्यंत दांडा 80 सेंमी चढला. ही चढण भागिले दांड्याची लांबी म्हणजे त्या कोनाचा साइन: 80 भागिले 160 बरोबर 0.5. ज्याचा साइन 0.5, तो कोन 30 अंशांचा.

मग आकृती काढा. तिचा कंटाळा केला की पुढे हमखास गोंधळ होतो. आसापासून दांड्याच्या दिशेने तिरका बाण काढा, त्याच्या टोकावरून खाली लंब सोडा आणि खालून आडवी रेघ जोडा. काटकोन त्रिकोण तयार झाला. त्यात कर्ण म्हणजे तुमचं 400 न्यूटन बल, आणि उरलेल्या दोन बाजू म्हणजे त्याचे आडवा आणि उभा घटक.

आडवा घटक = 400 × कॉस 30° = 400 × 0.866 = सुमारे 346 न्यूटन
उभा घटक = 400 × साइन 30° = 400 × 0.5 = 200 न्यूटन

इथे एक खोड मोडायची आहे. ‘आडवा म्हणजे कॉस, उभा म्हणजे साइन’ असं पाठ करू नका. कोनाला चिकटलेली बाजू कॉसची, समोरची साइनची, एवढंच खरं. त्याच दांड्याचा कोन कुणी उभ्या रेषेपासून मोजून 60° दिला, तर आडवा घटक 400 × साइन 60° होईल. उत्तर तेच, 346.

कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, तेही बघा. रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) राहिला तर साइन 30 चं उत्तर चक्क ऋण येतं, −0.988. ताळा सोपा आहे: 346 आणि 200 यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, जवळपास 400 यायला हवं.

आता रोलरकडे. त्याचं वजन 200 × 9.8 = 1960 न्यूटन. ओढताना उभा घटक वरच्या दिशेने असतो, म्हणून जमिनीवरचा दाब 1760 न्यूटनवर येतो. त्याच कोनात ढकललंत, तर तेच 200 न्यूटन खाली दाबतात आणि दाब 2160 होतो. पुढे नेणारं बल दोन्ही वेळा 346 च, पण जमिनीवर 400 न्यूटनचा फरक, म्हणजे जवळजवळ 40 किलोचं पोतं रोलरवर ठेवल्यासारखं. दाब वाढला की रोलर मातीत जास्त रुततो, आणि फिरवायला जास्त जोर लागतो.

खेळपट्टी दाबायचीच आहे, मग ढकललेलं काय वाईट, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्याच्या हाती दांडा द्यावा.