रीफ टँकचा लाईट मोजताना आणि कमीजास्त करताना या चुका टाळा

रीफ टँकमधलं, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाळलेलं कोरल (प्रवाळ) पांढरं पडायला लागलं की आपल्या सोलापुरात पहिला दोष पाण्यावर जातो, उजनीचं पाणी आहे, बोअरचं मिक्स झालं असेल, आरओचा मेंब्रेन गेला असेल वगैरे. पाणी तपासायलाच पाहिजे, त्यात वाद नाही, पण लाईट किती पडतोय असं विचारलं तर उत्तर येतं "साठ टक्क्यावर आहे". साठ टक्के म्हणजे कशाचे साठ टक्के? फिक्स्चर, म्हणजे टँकवर टांगलेला दिवा, किती वॅटचं, पाण्यापासून किती उंच टांगलंय, खाली पाणी किती खोल, यातलं काहीच त्या आकड्यात नाही. कोरलला टक्के कळत नाहीत, त्याच्या अंगावर किती प्रकाश पोचतो तेवढंच कळतं, आणि तो मोजायचं एकक आहे पीएआर, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला प्रकाश एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल पडतो ते.

आता डोळ्यानं बघून "लख्ख दिसतंय की" म्हणणं, ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो, आणि ४५० च्या निळ्या प्रकाशाला त्याच्या जेमतेम ४ टक्के. कोरलच्या पेशीतलं शेवाळ, ज्याला झूझँथेली म्हणतात, ते मात्र निळा प्रकाश भरपूर वापरतं आणि त्यातनं कोरलला अन्न मिळतं. म्हणून निळा चॅनेल (दिव्यातला एका रंगाच्या एलईडींचा गट) फुल आणि पांढरा बंद असा टँक आपल्याला अंधारा वाटतो, आपण पांढरा वाढवतो नाहीतर लाईट खाली आणतो, आणि खरं तर तिथं आधीच भरपूर पडत असतंय. मोबाईलच्या फोटोवरनं तर अजिबात ठरवू नका, कॅमेरा स्वतःच एक्स्पोजर बदलतो.

मग लोक लक्सचं, म्हणजे डोळ्याला किती उजेड दिसतो ते मोजायचं ॲप टाकतात आणि पीएआर काढायला आलेल्या आकड्याला ५४ नं भागतात. ५४ हा आकडा खोटा नाही, पण तो उन्हाचा आहे. लक्स मीटर डोळ्यासारखाच निळ्याला कमी मोजतो, त्यामुळं निळ्या एलईडीखाली ५४ नं भागलं की पीएआर खऱ्यापेक्षा खूपच कमी येतो, आणि तुम्ही "कमीच आहे" म्हणून वाढवत बसता, तिकडं कोरल भाजतं. लक्स मीटर टाकून द्या असं नाही हां. तेच फिक्स्चर, तीच चॅनेल सेटिंग, तीच जागा असेल तर तुलनेला तो चांगला आहे, मागच्या वेळी १२,००० होते आणि आज ९,००० आलेत तर लाईट पाव भागानं उतरलाय एवढं नक्की कळतं.

नीट मोजायचं तर पाण्यात बुडणारा सेन्सर पाहिजे. अपोजी कंपनीचं एमक्यू-५१० हे पीएआर मीटर पाण्याखालच्या कामासाठीच केलंय, पाण्यामुळं रीडिंगमध्ये पडणारा फरक ते स्वतःच धरतं. हवेत वापरायचा साधा क्वांटम (पीएआर मोजायचा) सेन्सर पाण्यात बुडवला तर आकडा कमी दाखवतो, त्याला गुणक लावावा लागतो, तो त्या कंपनीच्या माहितीपत्रकात बघून घ्या. मीटर महाग आहे, प्रत्येकानं घ्यायची गरज नाही, पाचसहा जणांनी मिळून एक घेतला आणि आळीपाळीनं वापरला तरी चालतंय कारण हे रोजचं काम नाही.

मीटर हातात आल्यावरसुद्धा गडबड होते. काचेवरनं मिठाचे थर आणि धूळ आधी पुसा, मग मोजा. सेन्सर कोरलच्या उंचीवर, तोंड सरळ वर, जरा तिरका झाला की आकडा पडतो. आपला हात आणि डोकं लाईटच्या आड येऊ देऊ नका. पंप चालूच ठेवा, कारण कोरल रोज त्या हलत्या पाण्याखालीच राहतंय, आकडा नाचेल, थोडा वेळ बघून सरासरी धरा. आणि एकाच जागी, तेही बरोबर मधोमध मोजून थांबू नका, फिक्स्चरच्या खाली आणि कोपऱ्यात दुपटीपेक्षा जास्त फरक असू शकतो. टँकचं कच्चं चित्र काढा, प्रत्येक दगडावर आकडा लिहा, लाईटचे टक्के आणि उंची त्याच कागदावर. पश्चिमेच्या खिडकीजवळ टँक असेल तर दुपारचं ऊन काचेतनं आत येतं, रात्री मोजलं तर ते सापडतच नाही, म्हणून दुपारी एकदा मोजाच.

किती पाहिजे? मऊ म्हणजे सॉफ्ट कोरलमध्ये मश्रूम कोरलला साधारण ५० ते १०० पीएआर, झोआ आणि ग्रीन स्टार पॉलिपला ७५ ते १५०, लेदर कोरलला १०० ते २००. यात हार्ड, म्हणजे दगडी कोरलचे आकडे मी मुद्दाम दिले नाहीत. समुद्रातली दगडी कोरल, काळी कोरल, सी फॅन हे सगळं आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, कुणी "गुपचूप आणून देतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. सॉफ्ट कोरलचा टँकसुद्धा डोळे भरून बघावा असा होतो, मनापासून सांगतो.

यूट्यूबवर कुणाची तरी सेटिंग बघून तशीच टाकणं हीसुद्धा चूकच, त्याचा टँक दोन फूट खोल आणि तुमचा सव्वा फूट असेल तर संपलंच.

आकडा कमी निघाला म्हणून त्याच दिवशी वाढवू नका. आठवड्याला ५ टक्के, एवढंच. नवीन कोरल तर खाली वाळूवर ठेवून हळूहळू वर न्या. प्रकाश झेपेनासा झाला की शेवाळात घातक ऑक्सिजन तयार व्हायला लागतो, कोरल ते शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, हे दोनतीन दिवसातही होऊ शकतं पण भरून यायला महिने लागतात. उलट झोआ लांब देठ काढून वर ताणत असतील किंवा कोरल तपकिरी पडत असेल तर प्रकाश कमी असल्याची शंका घ्या. तासही मोजायचे बरं का, १०० पीएआर दहा तास आणि १२५ पीएआर आठ तास, दिवसाचा हिशोब सारखाच, त्यामुळं टक्के आणि तास दोन्ही एकदम वाढवू नका.

आणि आता आपली खास सोलापुरी अडचण. एप्रिल मे मध्ये बाहेर ४३ अंश असताना पांढरं पडलेलं कोरल लाईटमुळंच पडलं असं धरू नका, आधी थर्मामीटर बघा. पाणी ३० च्या वर गेलं तर काल झेपणारा प्रकाशसुद्धा आज जास्त होतो. अशा वेळी लाईट पाव भागानं उतरवा, लाईटची वेळ संध्याकाळकडं सरकवा आणि पाण्यावर पंखा लावा, आपली हवा कोरडी आहे म्हणून पंख्यानं पाणी चांगलं थंड होतं, पण तेवढंच पाणी उडतं, ते साध्या आरओ पाण्यानं भरायचं, मिठाच्या नाही, नाहीतर खारटपणा वाढत जातो. लाईटचा स्वतःचा पंखासुद्धा साफ करा, यंत्रमागाच्या भागात घर असेल तर सुताचा बारीक तंतू त्यात अडकतो, एलईडी तापतो आणि बरीच फिक्स्चर तापली की स्वतःच प्रकाश कमी करतात.

फिल्टरमधलं जुनं कार्बन (पाणी गाळायचा कोळसा) बदललं की पिवळट पाणी एकदम स्वच्छ होतं आणि खाली जास्त प्रकाश पोचतो, त्या आठवड्यात दहा टक्के खाली आणून परत चढवा. आणि लाईट गेली, म्हणजे वीज गेली, की स्वस्त कंट्रोलरचं घड्याळ शून्यावर येतं, सकाळचा प्रोग्राम मध्यरात्री चालू होतो आणि कोरलला झोपच मिळत नाही, तेव्हा वीज आल्यावर घड्याळातली वेळ आधी बघा आणि बुडालेले तास भरून काढायला लाईट जास्त वेळ चालवू नका.