ड्रम नसलेल्या जॅझमध्ये शिरायचंय? आधी साथीला बसा

गिटार, व्हायोलिन, क्लॅरिनेट किंवा उभा बास यांपैकी काहीतरी बऱ्यापैकी वाजवता येतं आणि आता तीन-चार जणांच्या, ड्रम नसलेल्या जॅझ ग्रुपमध्ये वाजवायचं आहे, अशांसाठी हे लिहितोय. मी नेदरलँड्समध्ये नोकरी सांभाळून अशाच एका त्रिकुटात रिदम गिटार वाजवतो. म्हणजे बहुतेक वेळ साथच. सांगायचंय तेही साथीबद्दलच, कारण नवी मंडळी नेमकी तीच टाळतात. यूट्यूबवरून जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या ताना घोटून येतात आणि "आता तू साथ दे, मी वाजवतो" म्हटलं की दुसऱ्याच आवर्तनात लय पळायला लागते.

ड्रम नाही म्हणजे ड्रमर परवडला नाही, असं समजू नका. पॅरिसमध्ये 1934 साली हॉट क्लबचं पंचक उभं राहिलं, त्यात स्टेफान ग्रापेलीचं व्हायोलिन, लुई व्होलाचा बास आणि चक्क तीन गिटारी होत्या. एक जँगो राइनहार्टची, बाकीच्या दोन फक्त साथीला. अमेरिकेत नॅट किंग कोलने 1937 पासून पियानो, गिटार आणि बास एवढ्यावरच त्रिकूट चालवलं, आणि ते असं चाललं की पुढे आर्ट टेटम आणि ऑस्कर पीटरसन या पियानोवाल्यांनीही तीच मांडणी उचलली. सॅक्सोफोन-क्लॅरिनेट वाजवणारा जिमी जूफ्री तर 1958 मध्ये बासही काढून न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात मंचावर उभा राहिला. सोबत बॉब ब्रुकमायरचा ट्रॉम्बोन आणि जिम हॉलची गिटार, बस्स. लय कोणी धरायची? तिघांनी.

तबल्यावर वाढलेल्या आपल्यासारख्यांना हेच जड जातं. ठेका दुसरं कुणीतरी धरणार, आपण मनसोक्त फिरून समेवर येऊन भेटायचं, ही सवय अंगात मुरलेली असते. इथे सम दाखवायला कोणी नाही. शिवाय वजन पहिल्या मात्रेवर नाही, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. मात्रा मोजण्याची आपली तयारी मात्र इथे फार कामाला येते. बत्तीस बारांचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) आवर्तन न चुकता मनात फिरवत ठेवणं आपल्याला इतरांपेक्षा सोपं जातं, असं माझं मत आहे.

हॉट क्लबच्या साथीला 'ला पॉम्प' म्हणतात. ऐकायला सरळ, हाताला अवघड. पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेला उजव्या हाताने फक्त खालच्या स्वरांच्या दोन-तीन तारा छेडायच्या आणि क्षणभर वाजू द्यायच्या. दुसऱ्या-चौथ्याला सगळ्या तारांवरून झपकन खाली यायचं, आणि वाजल्या वाजल्या डाव्या हाताची पकड सैल करायची. बोटं तारांवरून उचलायची नाहीत, फक्त दाब काढायचा, म्हणजे आवाज जागीच तुटतो. त्यामुळे मोकळ्या तारांच्या कॉर्ड (एकत्र वाजवलेले स्वर) इथे चालत नाहीत. मोकळी तार दाब काढून बंद होत नाही, ती घणघणत राहते. मनगट सैल हवं. कोपरातून वाजवणाऱ्याचा हात जलद लयीत पाच मिनिटांत भरून येतो.

रियाझाला मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टोले देणारं यंत्र, घ्या, पण तो प्रत्येक मात्रेला वाजवू नका. लय मिनिटाला 200 मात्रांची हवी असेल तर काटा 100 वर ठेवा आणि ते टोले दुसरी आणि चौथी मात्रा आहेत असं धरून वाजवा. सुरुवातीला मन हमखास उलटं फिरतं आणि टोल्यालाच पहिली मात्रा मानून बसतं. ते जमलं की बारात एकच टोला ठेवा, चौथ्या मात्रेवर. आणि स्वतःचं रेकॉर्डिंग करा, फोनवर केलंत तरी पुरे. वाजवताना झकास वाटलेली लय ऐकताना किती सरकली ते लगेच कळतं.

ऐकायचं कसं, तेही सांगतो. हॉट क्लब ऐकताना काही दिवस जँगोकडे कानाडोळा करा आणि मागच्या दोन गिटारीच ऐका. मग बिल इव्हान्स आणि जिम हॉल यांची 1962 ची 'अंडरकरंट' ही रेकॉर्ड लावा. नुसता पियानो आणि गिटार. त्यात 'माय फनी व्हॅलेंटाइन' हे गाणं नेहमीच्या संथ चालीत नाही, चांगलं वेगात आहे. इव्हान्स सोलो घेत असताना हॉल मागे प्रत्येक मात्रेला एक कॉर्ड असं चालत राहतो, बास आणि ड्रम दोन्हींची उणीव एकटा भरून काढतो, आणि तरी आवाज वर येऊ देत नाही. साथ म्हणजे काय हे त्या तुकड्यात जितकं कळतं तितकं कुठल्याही वर्गात कळणार नाही. पीटरसनचं 1956 चं कॅनडातल्या स्ट्रॅटफर्डचं रेकॉर्डिंगही ऐका. तिथे हर्ब एलिस गिटारकडून कसं काम काढून घेतो ते बघा.

पियानो आणि गिटार दोन्ही असतील तर भांडण ठरलेलं, कारण दोघंही कॉर्ड वाजवणार. एक गप्प बसला तरच निभतं. गिटारवाल्याने दोन-तीन स्वरांच्या कॉर्ड घ्याव्यात, कॉर्डचा तिसरा आणि सातवा स्वर पुरतो. पियानोवाल्याने डावा हात आवरावा, तो प्रदेश बासचा. बासचा सोलो आला की नवखे घाबरतात, कारण लय धरणारा माणूसच आता गायला लागलेला असतो. तेव्हा अगदी हलक्या हाताने साथ द्या किंवा पूर्ण थांबा, पण मनातलं आवर्तन सोडू नका.

वाद्यासाठी घर विकायची गरज नाही. जँगो वाजवायचा ती सेल्मर गिटार 1932 ते 1952 एवढ्याच काळात बनली आणि आज सोन्याच्या भावाची आहे. तिच्या नकला वाजवूनच बहुतेकांचं आयुष्य चाललंय.

कामाचं म्हणाल तर हॉटेल, लग्न, चित्रप्रदर्शनाचं उद्घाटन, जिथे लोकांना गप्पाही मारायच्या असतात तिथे आमच्यासारख्यांना बोलावतात. सामान एका गाडीत मावतं, शेजारी तक्रार करत नाहीत. पण या संगीतावर पोट भरण्याचा बेत असेल तर जूफ्रीचंच पुढचं ऐकून ठेवा. 1961 मध्ये पॉल ब्ले (पियानो) आणि स्टीव्ह स्वॉलो (बास) यांना घेऊन त्याने केलेलं त्रिकूट आज थोर मानलं जातं. एका रात्री न्यूयॉर्कच्या कॉफी हाउसमध्ये वाजवून प्रत्येकाच्या वाट्याला 35 सेंट आले आणि त्यांनी ग्रुप मोडला, असं सांगतात. तेव्हा बिदागी आधी ठरवून घ्या, आणि जेवण त्यात धरू नका.

इथे सोलो वाजवणाऱ्यांची रांग असते, चांगला रिदमवाला मात्र सगळ्यांना हवा असतो. फ्रान्समधल्या सॅम्वा-सुर-सेन या गावी जँगोचं शेवटचं वास्तव्य होतं. त्याच्या नावाचा महोत्सव पूर्वी तिथेच भरायचा, 2017 पासून तो जवळच्या फाँतेनब्लोला गेला. महोत्सवाच्या दिवसांत तंबूंपाशी रात्रभर वाजवणं चालतं. तिथे गेलात तर आधी थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहा, साथीला दोन-तीन गिटारी आधीच असतील तर चौथी काढू नका. जागा मिळाली की साथ धरा. एखाद-दोन गाण्यांनंतर कुणीतरी मान हलवून सोलो घे म्हणतो. न विचारता घेतलेला सोलो कुणाला आवडत नाही. पहिलं गाणं म्हणून 'मायनर स्विंग' पाठ ठेवा, कागद बघून तिथे कोणी वाजवत नाही. ए मायनर, सोळा बार, मुख्य कॉर्ड तीनच.